तंग आवळताना बुजणारा तरुण घोडा: आधी दुखणं शोधा, मग शिकवा

तंग (खोगीर पोटाखालून बांधायचा पट्टा) आवळायला घेतला की कान मागे जातात, शेपटी फटके मारू लागते, कधी दात पुढे येतात. रिकिबीत पाय घालताच घोडा पुढे निसटतो किंवा पाठ उचलून उसळ्या मारतो. याला ‘खोड’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. प्रत्यक्षात त्यामागे बहुतेक वेळा दुखणं असतं किंवा भीती, आणि बऱ्याचदा दोन्ही. पाठीची जखम भरून आली, खोगीर बदललं, तरी तंग हातात घेतला की घोडा अंग आखडतोच, कारण पूर्वी या क्षणी दुखलं होतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून उपचार आणि शिकवण दोन्ही लागतात, आणि उपचार आधी.

पशुवैद्याकडून तीन जागा नीट तपासून घ्याव्यात. पहिली पाठ. घोड्याला छातीच्या भागात 18 मणके आणि बरगड्यांच्या 18 जोड्या असतात. खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. साधारण 13व्या ते 18व्या मणक्यांची वरची टोकं काही घोड्यांत एकमेकांना घासतात, आणि स्वार नेमका तिथेच बसतो. एक्स-रेमध्ये हे दिसतं. दुसरी जागा पोट. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं, तो चरत नसला तरी. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून संरक्षण जवळजवळ नसतं, त्यामुळे चाऱ्याविना तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या घोड्याला तिथे व्रण पडू शकतात. तंगाला नाखूश असलेल्या प्रत्येक घोड्याला व्रण असतातच असं नाही, आणि बाहेरून ते कळतही नाहीत. दुर्बीण घालूनच खात्री होते. तिसरी जागा तोंड. अडीच ते साडेचार वर्षांच्या काळात दुधाचे दात पडून पक्के येत असतात, शिवाय पहिल्या दाढेपुढे उगवणारा छोटा दात लगामाच्या कडीला लागू शकतो. स्वार चढताना लगाम घट्ट धरतो आणि घोडा दचकतो तो तोंडातल्या कळेने. आपण मात्र पाठ तपासत बसतो.

वयाचाही विचार हवा. पाठीच्या कण्यातली हाडं पूर्ण पक्की व्हायला साधारण पाच-सहा वर्षं लागतात. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत, ही पूर्ण वाढलेल्या, धट्ट्याकट्ट्या घोड्यासाठी वरची मर्यादा मानतात. तरुण घोड्यावर त्याहून बराच कमी भार ठेवावा.

खोगीर तपासताना ते आधी गाशाशिवाय (खालच्या कापडी गादीशिवाय) ठेवा. खांद्यामागच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे आणि मधली खाच कण्याला कुठेही टेकता कामा नये. दोन्ही बाजूंच्या गाद्यांखालून हात सरकवत न्या: पुढे आणि मागे घट्ट, मध्ये पोकळ लागलं तर सगळा भार चार टोकांवर येतो. काम झाल्यावर घामाने ओल्या पाठीवर कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब अती आहे किंवा खोगीर टेकतच नाही. तरुण घोड्याचं अंग सतत बदलतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी हे पुन्हा पाहा.

आता शिकवण. घोडा दाब सुटण्याच्या क्षणावरून शिकतो. त्याने उसळी मारली आणि तेव्हाच तुम्ही तंग सैल केला, तर उसळी कामाची असते हा धडा त्याला मिळाला. म्हणून इतक्या कमी दाबापासून सुरुवात करा की घोडा शांतच राहील, आणि तो शांत असतानाच सोडा. माशी बसली तरी ज्याची कातडी थरथरते, त्या जनावराला दोन बोटांचा दाबही भरपूर कळतो. आधी नुसता कापडी पट्टा छातीखालून हाताने धरा, दोन-तीन सेकंद हलका ओढा, सोडा. मान खाली, श्वास संथ, कान सैल, तरच थोडा वाढवा. जीभ चाटली म्हणजे पटलं, हा समज धरू नका. ताण नुकताच ओसरला असतानाही घोडा जीभ चाटतो.

मग रिकिबी वर बांधलेलं खोगीर. तंग कोपराच्या मागे सुमारे चार बोटांवर यावा. एकेक भोक आवळायचं आणि प्रत्येक वेळी घोड्याला काही पावलं चालवायचं. एका झटक्यात आवळलं की काही घोडे श्वास रोखून खांबासारखे उभे राहतात आणि पहिल्या पावलाला एकदम उसळतात. शेवटी दोन्ही पुढचे पाय एकेक करून उचलून पुढे ओढा, म्हणजे पट्ट्याखाली चिमटलेली कातडी सुटते. तंग किती घट्ट आहे ते बाजूला नव्हे, छातीच्या हाडाखाली बोटं घालून पाहा. बाजूला बरगड्यांचा उतार फसवतो. या काळात घोड्याला खुंट्याला बांधू नका. घाबरून मागे ओढ घेतली तर स्वतःलाच इजा करून घेतो. दोर सोबत्याच्या हातात हवा.

चढण्यात अडचण नजरेचीही आहे. नाकासमोरचा आणि शेपटीमागचा छोटा पट्टा सोडला तर घोड्याला चहूकडे दिसतं. डावीकडून चढणारा माणूस आधी फक्त डाव्या डोळ्यात असतो. पाय पलीकडे टाकताच तोच उजव्या डोळ्यात अचानक, वरून उगवतो. म्हणून त्याच्यापेक्षा उंच उभं राहण्याची सवय दोन्ही बाजूंनी लावा. एका बाजूला शिकलेलं दुसऱ्या बाजूला आपोआप लागू पडत नाही. चढायला भक्कम ठोकळाच वापरा, कारण जमिनीवरून चढताना खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि उजव्या खांद्यामागे दाब येतो. ठोकळ्यावरून आधी हात टेकवा, मग रिकिबीत थोडा भार देऊन लगेच पाय काढा, मग पोटावर आडवं होऊन उतरा, मग दोन पावलं चालवा. हे सगळं निवांत झालं की मांड टाका: पाय घोड्याच्या कमरेच्या बराच वरून न्या आणि अलगद बसा, धपकन नको. पाठीवर टाच घासली की अनेक घोडे तिथेच उसळतात. सोबती चढणाऱ्याच्याच बाजूला उभा राहतो, कारण डोकं आपल्याकडे वळवलं की मागचे पाय आपल्यापासून दूर जातात. डोक्याला हेल्मेट, पायात टाचेचे बूट, आणि रिकिबीत फक्त पंजा.

एक सराव दहा-पंधरा मिनिटांचा पुरतो. चढून झाल्यावर पहिल्या काही फेऱ्या चित्रित करून ठेवा. घोड्यांच्या पशुवैद्य स्यू डायसन यांच्या 2018च्या अभ्यासातून स्वाराखालच्या घोड्याची 24 वर्तनं नोंदवण्याची पद्धत पुढे आली. त्यांतली 8 किंवा अधिक दिसली, तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता मोठी असते. चित्रफीत पशुवैद्याला दाखवा. दुखणं सापडलं तर उपचारानंतर सुरुवात पुन्हा कापडी पट्ट्यापासून करा.