डायबेटिस रेफरल ट्रायेज

फॅमिली डॉक्टरने हॉस्पिटलकडे पाठवलेल्या डायबेटिसच्या पेशंटच्या चिठ्ठ्या वाचून कोणाला आजच बघायचं आणि कोण थांबू शकतं हे ठरवणं म्हणजे रेफरल ट्रायेज. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, ही पद्धत चांगली रुळलेली आहे, तिथे पेशंट सहसा थेट स्पेशालिस्टकडे जात नाही, आधी जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, मग त्याची चिठ्ठी, आणि ती वाचणारा कन्सल्टंट किंवा डायबेटिसची नर्स पेशंटला न बघताच नंबर लावते. म्हणून "शुगर कंट्रोल होत नाही, कृपया पाहावे" एवढ्या एका ओळीचा काहीच उपयोग नसतो, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी शुगरचा आकडा) किती, वजन उतरलंय का, किडनीचे रिपोर्ट काय, गोळ्या कुठल्या चालू, हे सगळं त्यात लागतंच.

शुगरचा आकडा मोठा त्याचा नंबर पहिला, असं मात्र नसतं. जुना टाइप २, म्हणजे सहसा मोठेपणी होणारा नेहमीचा डायबेटिस आहे, एचबीएवनसी १० आहे पण बाकी तब्येत ठीक, असा माणूस थांबू शकतो, बऱ्याचदा जीपीला औषध बदलायचा सल्ला लिहून पाठवला तरी भागतं. उलट सारखी तहान लागणारं, रात्री अंथरूण ओलं करणारं, वजन उतरत चाललेलं मूल त्याच दिवशी हॉस्पिटलात पोचलं पाहिजे, कारण टाइप १ मध्ये, म्हणजे शरीरात इन्सुलिनच बनेनासं होतं त्या डायबेटिसमध्ये, किटोन नावाची आम्लं रक्तात वाढून जिवावर बेतायला वेळ लागत नाही. डायबेटिस असलेल्या बाईला दिवस राहिले तरी लगेच बोलावतात.

सगळ्यात फसवा प्रकार पायाचा. नसा बधिर झाल्यावर तळपायाला खडा रुतलेलाही कळत नाही, जखम चिघळते तरी दुखत नाही, त्यामुळे पेशंट सहज म्हणून सांगतो आणि चिठ्ठीतही ते सहज म्हणूनच उतरतं. कधी तर जखमच नसते, एकच पाय लाल, गरम, सुजलेला असतो, त्याला शारको फूट म्हणतात, आणि तशाच पायावर चालत राहिलं तर आतली हाडं मोडून पायाचा आकारच बदलतो. म्हणून उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या नियमात पायाची जखम असेल तर १ कामाच्या दिवसात रेफर आणि पुढच्या १ दिवसात ट्रायेज असं स्पष्ट लिहिलंय, गँगरीन किंवा अंगात भिनलेलं इन्फेक्शन असेल तर तेवढंही थांबायचं नाही, थेट ॲडमिट.

महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी बहुतेक वेळा पेशंटच्याच हातात असते, तो केसपेपर काढून ओपीडीच्या रांगेत बसतो, त्यामुळे तिथे ही निवड रांगेतच करावी लागते, चपला काढायला लावून आणि तळवे, बोटांमधल्या फटी बघून.