ऑफिसात लैंगिक छळ झाला तर तक्रार कुठे आणि कशी करायची?

नुसतं तोंडी सांगून थांबू नका. ‘बघतो, त्याच्याशी बोलतो’ एवढ्यावरच अनेक ठिकाणी महिने निघून जातात आणि लेखी तक्रारीची कायद्यातली मुदत तीनच महिन्यांची आहे. ती घटनेपासून मोजतात, प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असल्यास तक्रार ऐकणारी समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्यावर विसंबू नये.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या ‘पॉश’ कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे मालकाने अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे, प्रत्येक शाखेत वेगळी. न नेमल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होतो. तक्रार करायला कायम नोकरी लागत नाही. ठेकेदाराकडून पगार घेऊन अंधेरीच्या ऑफिसात झाडूपोछा करणाऱ्या ताईंनाही हा हक्क आहे, शिकाऊ मुलीलाही. कंपनीच्या कॅबमध्ये घडलेला प्रकारही यात येतो.

दहापेक्षा कमी माणसं असतील, तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल किंवा तुम्ही घरकाम करत असाल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत मुंबई शहर जिल्हा, पुढे उपनगर. केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते.

लेखी तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे. ‘मला त्रास दिला’ एवढंच लिहू नका. ‘अमुक तारखेला संध्याकाळी सातच्या सुमारास पाचव्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीत त्यांनी माझा हात धरला, मी सोडवून घेतला’ असं लिहा. व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा, मूळ मेसेज डिलीट करू नका. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीचं काम आहे. आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्याच.

चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, अहवालावर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची असते. दरम्यान लेखी मागणी केल्यास समिती बदलीची किंवा तीन महिन्यांपर्यंतच्या जादा रजेची शिफारस करू शकते. चौकशीत कोणाच्याच बाजूने वकील नसतो.

पुरावा कमी पडला तर उलट आपल्यावरच शेकेल, या भीतीने कितीजणी गप्प बसतात! आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होत नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. आणि पोलिसांत तक्रार करायची असेल तर मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे, ‘आपसात मिटवा’ म्हणणं नव्हे.