कस कमी, तरी चांदी पुरेपूर

जुन्या चांदीच्या नाण्याच्या उंचवट्यांवर तांबूस झाक दिसली की ‘हे बनावट आहे’ किंवा ‘सरकारने चांदी मारली’ असे लगेच म्हटले जाते. उत्तर इटलीतल्या सिसाल्पाइन प्रजासत्ताकाची दोन नाणी हा समज खोडायला पुरेशी आहेत.

नेपोलियनने १७९७ मध्ये उभे केलेले हे प्रजासत्ताक १७९९ मध्ये ऑस्ट्रिया-रशियाच्या फौजांपुढे कोसळले. नेपोलियनने मारेंगोची लढाई जिंकल्यावर ते परत आले आणि १८०२ मध्ये ‘इटालियन प्रजासत्ताक’ झाले. मिलानच्या टांकसाळीतल्या स्कूदो या सहा लिरांच्या चांदीच्या नाण्यावर फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातली ‘२७ प्रातिले, वर्ष ८’ ही तारीख आहे, म्हणजे १६ जून १८००. लढाई होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते!

स्कूदोचे वजन २३.१ ग्रॅम आणि कस हजारी ८९६, म्हणजे हजार भागांत ८९६ भाग चांदी. पुढच्या वर्षीच्या ३० सोल्दींच्या नाण्याचे वजन ७.३३ ग्रॅम, पण कस फक्त ६८४. आता गुणाकार करा. स्कूदोत २०.७ ग्रॅम चांदी, म्हणजे लिरामागे ३.४५ ग्रॅम. २० सोल्दींची एक लिरा, म्हणून लहान नाणे दीड लिरांचे, त्यात ५.०१ ग्रॅम चांदी, म्हणजे लिरामागे ३.३४ ग्रॅम. फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. चांदी काढून घेतलेली नाही, वरून तांबे घातले आहे. हेच नाणे ८९६ कसाचे केले असते तर ते ५.६ ग्रॅमचे, बरेच लहान झाले असते.

मग ३१.६ टक्के तांबे असूनही कोरे नाणे पांढरे कसे? खरी गंमत इथे आहे. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ ला. पण २८ टक्के तांब्याचे मिश्रण ७७९ अंशांनाच वितळते. ३० सोल्दींचा धातू या बिंदूच्या अगदी जवळचा. तो थिजताना चांदीबहुल आणि तांबेबहुल असे दोन प्रकारचे सूक्ष्म पापुद्रे आलटूनपालटून बनतात. कोऱ्या चकत्या उघड्या हवेत मंद लाल होईपर्यंत तापवल्या की पृष्ठभागाजवळच्या तांब्याचे काळे ऑक्साइड होते, चांदी मात्र तशीच राहते. मग टार्टर (द्राक्षरसातून मिळणारा आंबट क्षार) आणि मिठाच्या उकळत्या पाण्यात, किंवा सौम्य गंधकाम्लात, ते ऑक्साइड विरघळते. मागे उरते चांदीची सच्छिद्र, मळकट पांढरी जाळी. ठशाचा दाब ती दाबून सपाट करतो आणि नाणे लखलखते. आच ७७९ च्या वर गेली तर चकतीच्या कडा वितळतात. फार वेळ तापवली तर ऑक्साइड खोल शिरते आणि ठसा मारताना पापुद्रे सुटतात. वापरात हा पांढरा थर आधी चेहऱ्याच्या उंचवट्यांवर झिजतो. तांबूस गाल हे बनावटपणाचे लक्षण नव्हे.

याच थरामुळे क्ष-किरणांची हातयंत्रेही फसतात. ती वरचा अगदी पातळ थर वाचून कस खऱ्यापेक्षा जास्त सांगतात. न घासता आतले कळायचे तर घनता मोजावी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, नाणे दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला लागू देऊ नका. काट्यावर दिसतील तेवढे ग्रॅम म्हणजे तितके घनसेंटीमीटर आकारमान. नाण्याच्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. स्कूदोची घनता १०.३ च्या आसपास, ३० सोल्दींची ९.९५ यायला हवी. नक्षीत अडकलेले बुडबुडे घात करतात, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. लहान नाण्यात ०.०१ ग्रॅमची चूकही कसाचा अंदाज आठ टक्क्यांनी हलवते, तिथे ०.००१ ग्रॅमचा काटाच हवा. चुंबकाने लोखंडासारखे धातू पकडले जातात, कस नाही. आणि ‘तांदूळ खेचणारे’ म्हणून लाखोंना विकले जाणारे जुने नाणे ही निव्वळ लूट आहे. चांदी-तांब्यात असली कोणतीही शक्ती नसते.

असे नाणे हाती आले तर रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासू नका. पांढरा थर एकदा निघाला की पुन्हा चढत नाही.