यूल: वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीचा घरगुती सण

दरवर्षी २१ किंवा २२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेचं टोक गाठून उत्तरेकडे वळतो. हा हिवाळी अयनदिन. मुंबईत त्या दिवशीही अकरा तासांच्या आसपास उजेड असतो. लंडनमध्ये आठ तासही नाही आणि ऑस्लोत तर सहाच्या आत. ब्रिटन-अमेरिकेतली बरीच कुटुंबं आज स्वतःला पेगन म्हणवतात, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या युरोपातले देव आणि ऋतुचक्र मानतात. ती हा दिवस ‘यूल’ म्हणून घरी साजरा करतात. हा सण पाच हजार वर्षं जसाच्या तसा चालत आलाय, असं हौसेनं सांगितलं जातं. ते खरं नाही, आणि खरी हकीकत त्याहून रंजक आहे.

पाच हजार वर्षांचा आकडा येतो तो दगडी बांधकामांवरून. आयर्लंडमधलं न्यूग्रेंजचं थडगं साधारण इ.स.पू. ३२०० चं. अयनदिनाच्या सकाळी त्याच्या दारावरच्या झरोक्यातून ऊन थेट आतल्या दालनापर्यंत पोचतं. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओकेली यांनी २१ डिसेंबर १९६७ रोजी आत थांबून ते स्वतः पाहिलं. पण ते बांधणाऱ्यांनी एक अक्षरही लिहून ठेवलेलं नाही. यूलशी त्यांचं नातं जोडायला पुरावा नाही.

यूलबद्दल लेखी मजकूर मिळतो तो फार नंतर, आणि तोही ख्रिस्ती लेखण्यांतून. इंग्लंडमधला बीड हा मठवासी ७२५ मध्ये लिहितो, की आपले पूर्वज २५ डिसेंबरला वर्ष सुरू करत आणि त्या रात्रीला ‘मातांची रात्र’ म्हणत. त्या रात्री काय करत, हे मात्र त्यानं फारसं सांगितलेलं नाही. नॉर्वेबद्दल आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसननं तेराव्या शतकात लिहून ठेवलंय: दहाव्या शतकातला राजा होकोन इंग्लंडच्या दरबारात ख्रिस्ती म्हणून वाढला होता. प्रजा जुन्या देवांची. त्यानं कायदा केला, की यूल नाताळाबरोबरच सुरू करायचा आणि प्रत्येकानं ठरलेल्या मापाची बिअर गाळायची. ती संपेपर्यंत सण पाळायचा. त्याआधी यूल ऐन हिवाळ्यातल्या एका रात्री सुरू होई आणि तीन रात्री चाले.

माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा पश्चिम नॉर्वेच्या गुलाथिंग कायद्यात आहे. ख्रिस्ती झालेल्या शेतकऱ्यांनाही नाताळासाठी बिअर गाळणं सक्तीचं होतं. ती ख्रिस्त आणि मेरीच्या नावानं प्यायची, आणि मागणं काय, तर ‘चांगलं पीक आणि शांतता’. अभ्यासकांना हे मागणं जुन्या धर्मातलंच वाटतं. देव बदलले, सण मात्र घरातच राहिला.

यात तारखेचा एक घोळही आहे. होकोनच्या काळी युरोपात चालणाऱ्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे खरा अयनदिन १६ डिसेंबरच्या आसपास येई, म्हणजे २५ डिसेंबर तेव्हाच आकाशापासून सुटला होता. आपली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते, खरं उत्तरायण मात्र तीन आठवड्यांहून अधिक आधीच सुरू झालेलं असतं, तसंच हे.

आजच्या पेगन घरांतलं यूलचं ओंडकं, म्हणजे सणाला घरात जाळायचं मोठं लाकूड, इंग्लंडच्या नोंदींत दिसतं ते सतराव्या शतकात, तेही नाताळाचं म्हणून. गेल्या वर्षीच्या ओंडक्याचा जपून ठेवलेला तुकडा पेटवून त्यानं नवं ओंडकं शिलगवायचं, ही रीत तेव्हाचीच. सजवलेलं झाड तर सोळाव्या शतकाच्या सुमारास जर्मनभाषक प्रदेशात घरांत आलं.

आजच्या सणाचा सांगाडा १९५० च्या दशकातला. ब्रिटनमध्ये चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि जेराल्ड गार्डनर यांनी आपला विक्का हा आधुनिक पेगन पंथ उघडपणे मांडला. डोरीन व्हॅलिएंटे यांनी त्यातले मंत्र आणि गीतं लिहिली. चार ऋतुसण, दोन अयनदिन आणि दोन संपात (दिवस-रात्र सारखे असण्याचे दिवस) मिळून आठ सणांचं वर्षचक्र त्याच दशकात पक्कं झालं.

पण हे मंडळ प्रौढांचं होतं, दीक्षा घेतलेल्यांचं. मुलांना त्यात जागा नव्हती. पुढं या लोकांची लेकरं शाळेत जाऊ लागली, डिसेंबरात सगळा वर्ग नाताळाच्या तयारीत, आणि ‘आपल्याकडे काय असतं?’ या प्रश्नाला उत्तर देणं आलं. घरगुती यूल मला तरी त्या उत्तरातूनच वाढलेला दिसतो. आधुनिक घरात शेकोटी नसते, म्हणून ओंडक्याला तीन भोकं पाडून त्यात मेणबत्त्या लावतात. होली आणि आयव्ही या सदाहरित वनस्पतींच्या डहाळ्या बांधतात. काही घरांत रात्रभर दिवा जागता ठेवतात आणि पहाटे मुलांना उठवून उगवता सूर्य दाखवतात.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार जणांनी आपला धर्म पेगन लिहिला. ऑस्ट्रेलियातल्या पेगन कुटुंबांनी तर तारीखच उलटवली: तिथली सर्वांत मोठी रात्र जूनमध्ये येते, म्हणून बरेच जण यूल जूनमध्येच करतात आणि डिसेंबरात उन्हाळी अयनदिन पाळतात.