दह्यातली साखर जंतू संपवतात म्हणे!

आमच्या नागपुरात मे महिना लागला की घरोघरी दही-मठ्ठा सुरू, आणि त्यासोबत हेही ऐकायला येतंच, "दह्यातली साखर जंतूच खाऊन टाकतात, शुगरवाल्यानं वाटीवर वाटी खाल्ली तरी चालते." नाही हो, तसं नाही.

दुधात १०० ग्रॅममागे साधारण ४.५ ते ५ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. विरजण लागलं की आंबटपणा वाढतो, आणि त्याच आंबटपणात जंतू स्वतःच मंदावतात, मग बरंचसं लॅक्टोज तसंच राहून जातं.

त्यात अजून एक गंमत आहे. लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची जोडी, आणि योगर्टमधला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस नावाचा जंतू ही जोडी तोडून ग्लुकोज वापरतो पण त्याच्या बहुतेक जाती गॅलॅक्टोज बाहेर टाकून देतात, म्हणजे भाजीतला कढीपत्ता आपण कसा ताटाच्या कडेला सारतो ना, तसं. गॅलॅक्टोज पचवायचे जीन त्याच्याकडे असतात बरं का, फक्त ते चालू करणारा भाग कमजोर असतो, आणि काही जातींत तोच भाग बदललेला असल्यानं त्या खातात. (पिझ्झावरचं चीज जास्त करपतं तेही बऱ्याचदा याच उरलेल्या गॅलॅक्टोजमुळे.)

दह्यातल्याच दुसऱ्या एका जंतूचं, लॅक्टोकॉकस लॅक्टिसचं तर अजूनच वेगळं, त्याच्या दूधवाल्या जातींत लॅक्टोज वापरायचे जीन बहुधा प्लाझमिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर असतात, ते हरवलं की लॅक्टोज वापरणं बंद.

दूध न पचणाऱ्यांना दही सोसतं हे मात्र खरंय, कारण जंतूंचं लॅक्टोज तोडणारं एन्झाइम पोटात मदत करतं.