ॲडमिन पॅनेलवरच्या इशाऱ्यामागचा इतिहास

सर्व्हरवर वेबमिन (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं पॅनेल) टाकलं आणि 10000 पोर्टवर पान उघडलं की बहुतेक वेळा आधी ब्राउझरचा इशारा येतो: या साइटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे ओळखपत्रावर, भरवसा ठेवता येत नाही. आपण 'ॲडव्हान्स्ड' दाबून पुढे जातो आणि थेट रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड टाकतो. ज्या दारातून अख्खा सर्व्हर हाती येतो, तिथेच आपण सर्वांत कमी चौकशी करतो. ही सवय कशी लागली?

1976 साली डिफी आणि हेलमन यांनी पब्लिक कीची कल्पना मांडली: मजकूर कुलूपबंद करायची किल्ली (की) सगळ्यांना उघड द्यायची, तो उघडायची मात्र स्वतःकडेच ठेवायची. पण समोरून आलेली की त्याच माणसाची आहे, हे कशावरून? त्यांनी सुचवलं होतं की सगळ्यांच्या की एका सार्वजनिक यादीत ठेवाव्यात. 1978 मध्ये एमआयटीतल्या लॉरेन कोनफेल्डरने पदवीच्या प्रबंधात वेगळी वाट काढली: नाव आणि की एकत्र लिहायची आणि विश्वासातल्या त्रयस्थाने त्यावर सही करायची. हेच सर्टिफिकेट. आजचं सगळं सुरक्षित वेब एका विद्यार्थ्याच्या या सूचनेवर उभं आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. 1988 मध्ये एक्स.509 या मानकाने सर्टिफिकेटचा साचा ठरवला. 1995 मध्ये ब्राउझर आणि साइट यांच्यातला मजकूर गुप्त ठेवणारं (एन्क्रिप्ट करणारं) नेटस्केपचं एसएसएल आलं, आणि सह्या देणारी व्हेरिसाइन कंपनीही त्याच वर्षी सुरू झाली.

या सह्यांना दरवर्षी पैसे पडत. दुकानाच्या साइटसाठी ते परवडे. आतल्या पॅनेलसाठी कोण मोजणार? म्हणून 1997 साली आलेल्या वेबमिनसारखी साधनं स्वतःच सर्टिफिकेट बनवून स्वतःच सही करू लागली. म्हणजे रहिवासी दाखला आपणच लिहायचा आणि तलाठ्याच्या जागी सहीही आपलीच. मजकूर एन्क्रिप्ट होतो, त्यात खोट नाही. पण मध्ये घुसून कुणी स्वतःचं खोटं सर्टिफिकेट पुढे केलं तर इशारा तसाच दिसतो, आणि सरावलेलं बोट तेच बटण दाबतं. खरा धोका इथे आहे.

अर्थात सही करणाराही चुकतो. 2011 मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या सह्या देणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली. गुगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट इराणमधल्या वापरकर्त्यांवर वापरलं गेलं आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. जुलै 2014 मध्ये आपल्याकडे एनआयसी या सरकारी संस्थेच्या यंत्रणेतूनही गुगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली. तेव्हा सह्या देणाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या सीसीएने एनआयसीची इंटरमीडिएट सर्टिफिकेटं, म्हणजे सह्या देण्याचा अधिकार देणारी सर्टिफिकेटं, रद्द केली.

पॅनेलवाल्यांसाठी खरं वळण 2015 चं. नोव्हेंबरपासून सार्वजनिक सीएंनी (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या संस्थांनी) 'सर्व्हर.लोकल'सारखी आतली नावं आणि 192.168 ने सुरू होणारे पत्ते यांना सर्टिफिकेट देणं बंद केलं. महिन्याभराने, 3 डिसेंबरला, लेट्स एन्क्रिप्ट हा सीए सर्वांसाठी खुला झाला. त्याचं सर्टिफिकेट फुकट, 90 दिवसांचं, आपोआप नवं होणारं. डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांच्या यादीत) एक नोंद टाकून नाव आपलं आहे हे सिद्ध करता येतं, त्यामुळे पॅनेल इंटरनेटवर उघडं न ठेवताही खरी सही मिळते. त्यासाठी नाव मात्र खऱ्या डोमेनखालचं हवं. वेबमिन आणि प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन सांभाळायचं साधन) यांमध्ये ही सर्टिफिकेटं मागवायची सोय आता आतच आहे. ज्यांना आतलीच नावं ठेवायची आहेत, त्यांनी स्वतःचा सीए उभारावा आणि त्याचं रूट (मूळ) सर्टिफिकेट प्रत्येक ॲडमिनच्या मशीनवर बसवावं. काम एकदाच करायचं असतं, तरी बहुतेक ठिकाणी ते राहूनच जातं.

सार्वजनिक सर्टिफिकेटची मुदत 2020 मध्ये 398 दिवसांवर आली. मार्च 2029 पासून ती जास्तीत जास्त 47 दिवस असेल.