वाळवंटातील फोर बाय फोर भटकंती

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पाणी, इंधन, शिधा आणि अंथरूण-पांघरूण भरायचे, डांबरी रस्ता सोडून वाळवंटात काही दिवस हिंडायचे आणि रात्री उघड्यावरच मुक्काम करायचा, असा हा प्रवासप्रकार. मोटारशर्यतीशी त्याचे नाते नाही. जैसलमेरजवळ सम येथे भाड्याच्या जीपमधून तासभर वाळूवर उड्या मारणे म्हणजेही ही भटकंती नव्हे. तिथे पाणी, चालक आणि परतीची वाट दुसऱ्याच्या हाती असते; इथे तिन्ही आपल्याच हाती.

मराठीत ‘वाळवंट’ म्हटले की जुन्या माणसाला चंद्रभागेकाठची वाळू आठवते, राजस्थान नंतर. नागपूरकराच्या घरात मात्र हा शब्द इंग्रजी वेषात आणि तोही खिडकीतून आला : डेझर्ट कूलर. कोरड्या उन्हाची सवय नागपूरकराला मुळातच आहे. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. देशाचा ५१ अंशांचा विक्रम १९ मे २०१६ रोजी राजस्थानच्या थर वाळवंटातल्या फलोदी गावी झाला. त्यामुळे ऊन इथल्या माणसाला फार घाबरवत नाही. त्याला खरी अडचण येते ती चाकाखाली.

विदर्भातला चालक रुतणे शिकतो ते काळ्या मातीत. पावसाळ्यात पांदणीत (शेतवाटेत) गाडी फसली की खाली कुठेतरी कडक थर असतो, ही त्याची खात्री असते. म्हणून अरुंद आणि खोल खाचांचे टायर बरे वाटतात, आणि एक्सलरेटर दाबून चाक फिरवले की खाचांतला चिखल उडून पकड मिळतेही. वाळूत नेमके उलटे होते. खाली कडक थर नसतो. फिरणारे चाक वाळू मागे फेकत स्वतःचाच खड्डा खोदते आणि दहा सेकंदांत गाडी पोटावर बसते. चिखलात बुडून तळ गाठायचा, वाळूत वरच्यावर तरंगायचे. या भटकंतीचे जवळजवळ सगळे तंत्र एवढ्या फरकातून निघते, आणि पांदणीत मुरलेल्या चालकाला नवख्यापेक्षा जास्त त्रास होतो तोही यामुळेच.

हे तंत्र बसवले ते प्रामुख्याने ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅग्नोल्ड याने. १९२० आणि १९३० च्या दशकांत तो आणि त्याचे सोबती साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडले. त्या गाड्या फोर बाय फोर नव्हत्याच, हे आजच्या हौशी मंडळींनी मुद्दाम लक्षात घ्यावे. त्यांनी टायरमधली हवा कमी केली, रुतलेल्या चाकाखाली पोलादी पन्हळी घातल्या, आणि रेडिएटरमधून निघणारी वाफ नळीने डब्यात नेऊन तिचे पाणी पुन्हा वापरले. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकी होकायंत्र चुकते, म्हणून बॅग्नोल्डने सावलीवर चालणारे सूर्य-होकायंत्र वापरात आणले. १९४० मध्ये त्याने ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ ही लष्करी तुकडी उभारली. वाळू वाऱ्याने कशी सरकते, यावरचा त्याचा ग्रंथ १९४१ साली आला. त्याच्या आधी, १९२२-२३ च्या हिवाळ्यात, सित्रोएन कंपनीच्या पट्टाचाकी (मागे चाकांऐवजी पट्टा असलेल्या) गाड्यांनी सहारा ओलांडून तिंबक्तू गाठले होते.

पहिले काम हवा सोडण्याचे. डांबर संपते तिथे गाडी उभी करायची, व्हॉल्व्हचे टोपण खिशात ठेवायचे (बोनेटवर ठेवलेले हमखास हरवते) आणि काडीने पिन दाबून धरायची. फुस्स आवाज बराच वेळ चालतो. दाबमापकाचा काटा बत्तीसवरून अठरा पीएसआयवर यायला दर चाकाला दोन-तीन मिनिटे जातात, चार चाकांना चहा होईल एवढा वेळ. टायरची बाजू फुगते आणि जमिनीवरचा ठसा लांबट होतो. तो रुंदीत फारसा वाढत नाही, लांबीत वाढतो. तेवढ्याच वजनाला जास्त जागा मिळते आणि गाडी वर राहते. पंधराच्या खाली सांभाळून जावे, कारण हवा फार कमी असताना जोरात वळले तर टायर रिमवरून निसटतो. डांबरावर परतताना हवा भरणे तितकेच सक्तीचे, नाहीतर वेगात टायर तापून फाटतो. म्हणून बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर हवाच. तो विसरला तर हवावाल्याच्या दुकानापर्यंत ताशी तीस-चाळीसने रखडत जावे लागते.

वाळूच्या टेकडीला थरमध्ये ‘धोरा’ म्हणतात. वाऱ्याकडची तिची बाजू सौम्य चढाची आणि घट्ट असते. उलटी बाजू सुमारे ३२ ते ३४ अंशांची, सैल आणि घसरती. चढायचे सौम्य बाजूने, सरळ रेषेत. आडवे किंवा तिरपे गेले तर खालच्या बाजूची चाके धसतात आणि गाडी कुशीवर कलते. माथ्यापलीकडे काय आहे ते आधी पायी जाऊन पाहावे. पलीकडे दुसरी गाडी, उंट किंवा दोन पुरुष खोल खड्डा असू शकतो. चढ जमला नाही तर गाडी वळवू नये. रिव्हर्स टाकून आल्या वाटेनेच सरळ खाली यावे. थांबताना ब्रेक टाळावा : दाबला की पुढच्या चाकांसमोर वाळूचा उंबरठा तयार होतो आणि सकाळी निघताना त्यालाच अडखळायला होते. गाडी आपोआप थांबू द्यावी, तीही उताराकडे तोंड करून. पहाटेची वाळू थंड आणि थोडी दमट असते म्हणून घट्ट. दुपारी तीच जागा गाडी गिळते.

रुतल्यावर पहिली गोष्ट म्हणजे पाय एक्सलरेटरवरून काढणे. मग फावडे. चाकासमोरची आणि पोटाखालची वाळू उपसायची. एक फावडे काढले की अर्धे परत घसरून येते, म्हणून खड्डा रुंद करावा लागतो. हवा आणखी थोडी कमी करायची, चाकाखाली खाचांच्या पट्ट्या सारायच्या आणि हळूच बाहेर यायचे. दुसऱ्या गाडीने ओढायचे असेल तर ताणला जाणारा पट्टा आणि गाडीच्या सांगाड्यावरचा पक्का हुक वापरावा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा कधीच अडकवू नये. गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसे मेली आहेत. ओढायला दुसरी गाडी लागते, म्हणूनच एकट्या गाडीने वाळूत जाऊ नये असे सांगतात.

गाड्यांचा वाद इथे वाढवण्यात अर्थ नाही. जिप्सी, थार, गुरखा, जिम्नी यांपैकी जी हलकी भरली असेल ती चांगली. वजनाचा हिशोब मात्र कागदावर करावा. हिवाळ्यात पिण्या-रांधण्याला माणशी रोज निदान ५ लिटर पाणी धरले तर चौघांना चार दिवसांचे ८० लिटर आणि दोन दिवसांची शिल्लक ४० लिटर, म्हणजे १२० किलो. हे वजन खाली आणि मध्यावर असावे. छतावर कॅन रचून निघालेली गाडी फोटोत छान दिसते, पण धोऱ्यावर तीच आधी कलंडते. वाळूत इंधनही डांबरापेक्षा बरेच जास्त जळते. विनापरवाना पेट्रोल ३० लिटरपर्यंतच नेता येते आणि धातूचा डबा २५ लिटरपेक्षा मोठा चालत नाही. २० लिटरचा जेरीकॅन त्यात बसतो. ‘जेरी’ ही ब्रिटिश सैनिकांची जर्मनांसाठीची बोली, कारण डबा मूळचा जर्मन. या नियमांचा कारभार पाहणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे, तेव्हा ‘माहीत नव्हते’ ही सबब नागपूरकराने तरी सांगू नये.

नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ४७ धरला की बैतूल, इंदूर, गोधरा, अहमदाबाद असे सरळ जाता येते आणि पुढे कच्छ. थरसाठी इंदूरहून उदयपूर, जोधपूर, जैसलमेर. अंतर १४०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दोन-तीन दिवस नुसते जाण्यातच. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. याच काळाच्या सुरुवातीला आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. पोतेभर सोबत घेतात ते उगाच नाही. वाळवंटात ती आठवडाभर टिकतात, आणि ढाणीवर गेल्यावर हातात द्यायला त्यांच्याएवढी ओळखीची दुसरी वस्तू नाही.

ढाणी म्हणजे शेतातली लहान वस्ती. थर हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे, म्हणून सहारासारखा निर्जन मुक्काम इथे मिळत नाही. अंधारात दूर बॅटरी हलताना दिसते आणि कोणीतरी ‘कठै सूं आया?’ (कुठून आलात?) विचारत येतो. जमीन बहुधा त्याची किंवा गावाच्या गुरांची असते. मुक्काम करण्याआधीच जाऊन विचारावे हे बरे. ‘ओरण’ म्हणजे देवाच्या नावाने राखलेले कुरण. तिथे वाळकी फांदीही उचलत नाहीत. खेजडीला तर कुऱ्हाड लावूच नये. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो तीच. १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडली गावी ती वाचवताना अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई मारले गेले, असे तिथे सांगतात. स्वयंपाकाला गॅसची शेगडी न्यावी. टांक्यातले पाणी लोकांच्या पिण्याचे असते. त्यात भांडे बुचकळू नये.

मुक्कामाची जागा कधीही कोरड्या ओढ्यात नसावी. सपाट आणि आडोशाची म्हणून ती मोह घालते. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातले कवास गाव पुरात बुडाले. खालच्या जिप्समच्या थरामुळे पाणी जिरेना आणि गावाचे तळे झाले. रात्री पारा पाच अंशांखालीही उतरतो, तेव्हा जाड रजई घ्यावी. फुरसे थरमध्ये भरपूर आहे. सकाळी बूट झटकून मगच पाय घालावा आणि रात्री बॅटरीशिवाय दहा पावलेही चालू नये.

जैसलमेर-बाडमेरचा पश्चिम पट्टा सीमेलगतचा असल्याने तिथे प्रशासनाच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. पोखरणजवळ लष्कराच्या माऱ्याच्या सरावाची क्षेत्रे आहेत. वाळूत दिसलेला धातूचा तुकडा हाताळू नये. उपग्रह फोन विनापरवाना बाळगणे भारतात गुन्हा आहे, त्यामुळे परदेशी प्रवाशांचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. माळढोकासाठी राखलेल्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात गाडी वाटेवरून उतरवू नये. हा पक्षी चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या माळावरही दिसत असे. ऑस्ट्रेलियातील सिम्पसन वाळवंट १ डिसेंबर ते १५ मार्च बंद असते, आणि तिथे माथ्यापलीकडून दिसावा म्हणून प्रत्येक गाडीवर उंच काठीला झेंडा लावावा लागतो. ही चाल थरमध्येही उचलण्यासारखी आहे.

कच्छचे रण हे वाळूचे नव्हे, मिठाचे. पावसाळ्यात ते पाण्याखाली असते आणि हिवाळ्यात वर पांढरी पापडी धरते. पापडी माणूस पेलते, गाडी पेलेलच असे नाही. खाली काळा चिखल असतो. इथे मात्र वैदर्भीय चालकाला अचानक घरी आल्यासारखे वाटते आणि तिथेच तो फसतो, कारण या चिखलालाही हाताशी लागेल असा तळ नसतो. दुसऱ्याच्या चाकोरीवरूनच जावे, आणि ओलसर गडद डाग दिसला की मागे फिरावे. परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने दोनदा धुवावी. मीठ सांध्यांत राहिले तर पुढच्या पावसाळ्यात नागपुरातच पत्रा फुगू लागतो.